तेलाचा धंदा व वाऱ्याचा धंदा

गेल्या पंचवीस वर्षांत जगांतील मोठमोठ्या तेल कंपन्यांनीं एक वचन वारंवार दिलें आहे. यापुढें आपण केवळ जमिनीखालचें तेल उपसणार नाहीं, तर वारा व ऊन यांपासूनहि वीज निर्माण करूं, असें तें वचन आहे. तें मोठ्या समारंभानें दिलें गेलें, कांहीं अंशीं पाळलें गेलें, आणि पुढें बऱ्याच अंशीं मागें घेतलें गेलें. असें एकदांच झालें असतें तर त्याची चर्चा करण्याचें कारण नव्हतें. परंतु एकच गोष्ट पुन्हां पुन्हां घडूं लागली म्हणजे तिच्या मुळाशीं कांहीं तरी नियम असला पाहिजे, अशी शंका विचारी मनुष्यास येते.

या कंपन्यांपाशीं पैसा उदंड आहे. खवळलेल्या समुद्रांत लोखंडी मनोरे उभारण्याचें कसब त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणापाशीं क्वचितच असेल. विद्वान शास्त्रज्ञ व अनुभवी यंत्रज्ञ त्यांच्या पदरीं आहेत. तेल जाळल्यानें पृथ्वीचें वातावरण तापत आहे, हेंहि त्यांस कोणीं नव्यानें सांगावयास नको. असें असतां हा नवा धंदा त्यांच्या हातून नेटानें कां होत नाहीं, याचा विचार या लेखांत आम्ही करणार आहों. जे विद्यार्थी आज शाळेच्या बांकांवर बसतात ते या शतकाच्या मध्यास ऐन कर्तेपणांत असतील. आज केलेल्या आणि आज मोडलेल्या संकल्पांचें फळ त्यांनाच भोगावयाचें आहे. म्हणून हा विषय त्यांनीं व त्यांच्या पालकांनीं नीट समजून घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.

एका कंपनीची हकीकत

उदाहरणादाखल ब्रिटनमधील बी. पी. ही एकच कंपनी घेऊं. १९०८ सालीं इराणांतील मशीद-इ-सुलेमान येथें तेल लागलें. पुढच्या वर्षीं, १९०९ मध्यें, अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली. तिलाच १९५४ सालीं ब्रिटिश पेट्रोलियम हें नांव मिळालें. या जुन्या कंपनीचे त्या वेळचे मुख्य जॉन ब्राऊन यांनीं १९९७ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत एक व्याख्यान दिलें, आणि हवामानाच्या बदलाचा प्रश्न गंभीर असून त्याविषयीं आतां पावलें उचललीं पाहिजेत, असें उघडपणें सांगितलें. बड्या तेल कंपनीच्या अधिकाऱ्यानें असें बोलणें हें त्या काळीं नवल होतें. २००० सालीं कंपनीनें सूर्याच्या आकृतीचें नवें चिन्ह धारण केलें, आणि आपल्या नांवाच्या दोन आद्याक्षरांचा ‘पेट्रोलियमच्या पलीकडे’ असा नवा अर्थ जाहिरातींतून लोकांपुढें मांडला. २००५ सालीं तिनें दहा वर्षांत ८ अब्ज डॉलर नव्या शक्तिसाधनांवर खर्च करण्याचें ठरविलें, आणि तितकी रक्कम तिनें खर्चहि केली. तेव्हां सगळें बोलणें पोकळ होतें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

परंतु पुढें काय झालें? २० एप्रिल २०१० रोजीं मेक्सिकोच्या आखातांत, या कंपनीची विहीर खोदणाऱ्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तरत्या यंत्रमंचावर स्फोट झाला. ११ कामगार प्राणास मुकले व अपार तेल समुद्रांत वाहून गेलें. त्या अनर्थाची भरपाई करितां करितां कंपनीचे ६५ अब्ज डॉलरांहून अधिक गेले. त्याच सुमारास चीनमधील कारखान्यांच्या स्पर्धेनें सौर पॅनेलांच्या किमती कोसळल्या, आणि २०११ सालाच्या अखेरीस कंपनीनें सौर पॅनेलांचा धंदा सोडण्याचें जाहीर केलें. या घटनेचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. १९८९ सालीं बी. पी. व टाटा यांच्या भागीदारींत बंगळूर येथें सौर पॅनेलांचा कारखाना निघाला होता. त्यांतील बी. पी. चा भाग २०१२ सालीं मुंबईच्या टाटा पॉवर कंपनीनें विकत घेतला आणि तो धंदा पुढें स्वतः चालविला. ज्या धंद्यांतून तेलवाला बाहेर पडला त्यांतच वीजवाला टिकून राहिला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें कारण पुढें येणार आहे.

दुसरा संकल्प याहूनहि मोठा होता. २०२० सालीं बर्नार्ड लूनी हे कंपनीचे मुख्य झाले. २०५० पर्यंत आपल्या धंद्यामुळें वातावरणांत जाणाऱ्या घातक वायूंची निव्वळ बेरीज शून्यावर आणूं, असें त्यांनीं जाहीर केलें. त्या सालच्या ऑगस्टमध्यें आंकडेहि ठरले : २०३० पर्यंत तेल व वायूचें उत्पादन २०१९ च्या मानानें ४० टक्के कमी करावयाचें, वारा व ऊन यांवर चालणारीं ५० गिगावॅट शक्तीचीं वीजकेंद्रें उभारावयाचीं, आणि नव्या कामांवरील खर्च वर्षास ५ अब्ज डॉलरांपर्यंत न्यावयाचा. हा संकल्प कोणत्या वेळीं झाला तें पाहण्यासारखें आहे. कोरोनाच्या सांथीनें जगाचे व्यवहार थंडावले होते. २० एप्रिल २०२० रोजीं तर अमेरिकेंतील तेलाच्या वायद्याचा भाव शून्याच्या खालीं, उणे ३७ डॉलर ६३ सेंटपर्यंत घसरला. म्हणजे माल नेणाऱ्यासच वर पैसे द्यावयाची पाळी आली. त्या सालीं बी. पी. ला २० अब्ज डॉलरांहून अधिक तोटा आला आणि भागधारकांचा लाभांश निम्म्यावर आणावा लागला.

दोन वर्षांत दिवस पालटले. फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि मार्चमध्यें तेलाचा भाव पिंपास १२० डॉलरांच्या वर गेला. त्या सालीं कंपनीचा नफा, आकस्मिक रकमा वगळून, सुमारें २७.७ अब्ज डॉलर झाला. फेब्रुवारी २०२३ मध्यें ४० टक्के कपातीचा संकल्प २५ टक्क्यांवर आला, आणि त्याच दिवशीं बाजारांत कंपनीच्या शेअरांचा भाव वर चढला. फेब्रुवारी २०२५ मध्यें लूनी यांच्यामागून आलेले मरे ऑकिनक्लॉस यांनीं कपातीचा संकल्प पुरताच बाजूस सारला. तेल व वायु यांवर दरवर्षीं सुमारें १० अब्ज डॉलर घालण्याचें ठरलें, आणि नव्या शक्तिसाधनांवर पूर्वी योजिलेल्या खर्चांतून वर्षास ५ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम कमी करण्यांत आली. ओहोटीच्या वेळीं वाळूंत काढलेली रेघ भरती येतांच पुसून गेली.

पहिलें कारण : नफ्याचा हिशेब

असें कां झालें हें समजण्यास थोडें अंकगणित पुरें आहे. समजा, एक पिंप तेल काढण्यास सर्व मिळून ४० डॉलर लागतात. बाजारभाव ६० डॉलर असतां नफा २० डॉलर होईल. भाव दुप्पट होऊन १२० झाला तर नफा दुप्पट न होतां ८० डॉलर, म्हणजे चौपट होईल. उलट भाव ३० वर उतरला तर पिंपामागें १० डॉलरांचा तोटा होईल. आतां पवनचक्कीकडे पाहूं. तिची वीज पुष्कळदां लिलावांत ठरलेल्या दरानें, पंधरा-वीस वर्षांच्या करारानें विकली जाते. युद्ध होवो कीं सांथ येवो, मिळकत साधारण तीच. वारा फुकट असल्यामुळें चालू खर्च थोडा. पण वारा कोणा एकाच्या मालकीचा नसल्यामुळें फार मोठा नफा मिळण्याचा संभवहि थोडा. स्वतः बी. पी. नें २०२० सालीं अशा कामांपासून शेंकडा ८ ते १० उत्पन्नाची अपेक्षा धरली होती. तेलाच्या चांगल्या विहिरीपासून याहून बरेंच अधिक मिळेल, अशी आशा धंदेवाल्यास असते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें २०२३ सालीं या विषयाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यांत एक उद्बोधक गोष्ट दिली आहे. २०१० ते २०२२ या काळांत तेल व वायूच्या धंद्यांत गुंतलेल्या भांडवलावर सरासरी शेंकडा ६ ते ९ उत्पन्न आलें. स्वच्छ शक्तीच्या कामांत तें शेंकडा ६ च्या आसपास होतें. म्हणजे सरासरी पाहिली तर अंतर कांहीं आकाशपाताळाचें नाहीं. परंतु ज्यानें एखाद्या वर्षीं दुष्काळाच्या भावानें धान्य विकलें आहे, त्याचें मन सरासरीवर बसत नाहीं. पुन्हां तसें एक वर्ष येईल या आशेवर तो कोठार राखून ठेवितो. तेलाच्या कंपनीचें मन असेंच घडलेलें असतें.

यांत आणखी एक अडचण आहे. तेलाचें क्षेत्र जसजसें उपसावें तसतसा त्याच्या पोटांतील दाब कमी होतो आणि उत्पन्न घटत जातें. म्हणून नुसतें आहे तेवढेंच उत्पादन टिकविण्यासहि दरवर्षीं नवा पैसा ओतावा लागतो. तो पैसा वाऱ्याकडे वळविला तर जुना धंदा लवकर आटतो, आणि नवा अजून बाळसें धरीत नाहीं. मधल्या वर्षांचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न उरतोच.

दुसरें कारण : व्याजाचा दर

पवनचक्की उभारण्याचा जवळजवळ सगळा खर्च प्रारंभींच करावा लागतो आणि तो बहुधा कर्ज काढून केला जातो. म्हणून व्याजाचा दर हा या धंद्याचा प्राण आहे. पुन्हां एक उदाहरण सोडवूं. १०० रुपयांच्या कामापासून वर्षास ८ रुपये मिळतात, आणि त्यांतील ७० रुपये कर्जाऊ आहेत असें धरा. मुद्दलाची फेड तूर्त बाजूस ठेवूं. व्याज दर शेंकडा ३ असेल तर २ रुपये १० पैसे व्याजाकडे जाऊन ५ रुपये ९० पैसे उरतील; स्वतःच्या ३० रुपयांवर हें उत्पन्न शेंकडा १९ पेक्षां अधिक झालें. तेंच व्याज शेंकडा ६ झालें तर ४ रुपये २० पैसे जाऊन ३ रुपये ८० पैसे उरतील, म्हणजे शेंकडा १३ हून कमी. वारा तोच, यंत्र तेंच, विजेचा दरहि तोच. परंतु व्याज वाढतांच मालकाचा लाभ तिसऱ्या हिश्श्यानें घटला.

हें केवळ पाटीवरचें गणित नव्हे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर २०२२ च्या आरंभीं शून्यालगत होता; जुलै २०२३ पर्यंत तो सव्वापांच ते साडेपांच टक्क्यांवर गेला. यंत्रांच्या व बांधकामाच्या किमतीहि चढल्या. परंतु न्यूयॉर्कच्या समुद्रांतील पवनकेंद्रांचे विजेचे दर आधींच ठरून गेले होते. तीं कामें हातीं घेतलेल्या बी. पी. ला २०२३ सालीं सुमारें ५४ कोटी डॉलर, आणि तिची भागीदार नॉर्वेची एक्विनोर कंपनी हिला ३० कोटी डॉलर तोटा खातीं मांडावा लागला.

तिसरें कारण : मालकाची अपेक्षा

कंपनी म्हणजे तिचा मुख्य अधिकारी नव्हे. कंपनीचे मालक तिचे भागधारक, आणि त्यांत निवृत्तिवेतनाच्या निधींपासून सामान्य गृहस्थांपर्यंत असंख्य लोक असतात. तेल कंपनीचा भाग घेणारा मनुष्य मोठ्या लाभांशाच्या आशेनें तो घेतो. ज्यास पवनचक्कीचा भाग हवा तो पवनचक्कीवाल्या कंपनीकडे जातो; त्यासाठीं त्यास तेलवाल्याच्या दारीं येण्याचें कारण नाहीं. त्यामुळें तेल कंपनीनें आपला मार्ग बदलला कीं जुने मालक रुसतात आणि नवे मालक लगेच येत नाहींत. २०२५ च्या आरंभीं एलियट मॅनेजमेंट या अमेरिकन गुंतवणूक संस्थेनें बी. पी. चे भाग मोठ्या प्रमाणांत घेतल्याची वार्ता आली; तेलाकडे परत वळण्याची घोषणा त्याच महिन्यांत झाली.

चौथें कारण : कसबाचा फरक

भूगर्भांत दडलेलें शोधून काढणें, मोठा धोका पत्करणें, आणि मिळालेला माल ज्या देशांत भाव चांगला त्या देशांत नेऊन विकणें, हें तेलवाल्याचें कसब. वारा व ऊन कोठें आहेत हें शोधावें लागत नाहीं. तेथें लागतें तें दुसरेंच : जागा मिळविणें, लिलावांत काटकसरीनें बोली लावणें, विजेच्या तारांच्या जाळ्याशीं जोडणी करणें, आणि थोड्या पण निश्चित नफ्यावर समाधान मानणें. हा वीजवाल्याचा स्वभाव आहे. वर ज्या बंगळुरच्या कारखान्याची गोष्ट सांगितली तिचें मर्म आमच्या मतें येथेंच आहे. खोल समुद्रांतील काम मात्र याला अपवाद होय. २०१७ सालीं स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर एक्विनोरनें पांच तरत्या पवनचक्क्यांचें ३० मेगावॅटचें केंद्र चालूं केलें. तेथें तेलाच्या धंद्यांतील अनुभव कामीं आला.

डेन्मार्क व नॉर्वे

मग तेल कंपनीस आपला धंदा बदलणें अशक्यच आहे काय? तसें नाहीं. डेन्मार्कची डोंग ही कंपनी तेल व वायूचा व्यापार करीत असे. पुढें देशांतील वीज कंपन्या तिच्यांत मिळाल्या आणि कोळशाचीं वीजकेंद्रेंहि तिच्याकडे आलीं. त्यांपैकींच एका कंपनीनें १९९१ सालीं विंडेबी येथें समुद्रांत ११ पवनचक्क्या उभारल्या होत्या. समुद्रांतील पवनकेंद्र म्हणून तें जगांत पहिलें. डोंगनें २००९ च्या सुमारास असा संकल्प केला कीं, आपली शेंकडा ८५ वीज व उष्णता जी कोळसा-वायूपासून येते ती एका पिढींत उलट करून शेंकडा ८५ अक्षय साधनांपासून काढावयाची. तो तिनें २०१९ पर्यंतच तडीस नेला. २०१७ सालीं तिनें तेलाचा सर्व धंदा विकून टाकला, आणि १८२० सालीं वीज व चुंबक यांचा संबंध दाखविणारे डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांचें नांव धारण केलें.

तिला हें कां साधलें? तिच्या निम्म्याहून अधिक भागाची मालकी डॅनिश सरकारकडे होती. विजेचा दर सरकारांनीं दीर्घ मुदतीनें बांधून दिला होता. आणि मुख्य म्हणजे परत फिरून जावें असें मोठें तेलाचें भांडार तिच्यापाशीं उरलें नव्हतें. केवळ सरकारी मालकी पुरेशी नसते हें शेजारच्या नॉर्वेवरून दिसतें. एक्विनोरची दोनतृतीयांश मालकी नॉर्वे सरकारची. तरी तिच्या हातीं अजून तेल व वायु भरपूर आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें तिनेंहि अक्षय साधनांवरील खर्च जवळजवळ निम्मा केला. ओर्स्टेडचा मार्गहि फुलांनीं आंथरलेला नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें तिला अमेरिकेंतील न्यू जर्सीजवळचीं दोन मोठीं कामें सोडावीं लागलीं, आणि २०२५ सालीं भागधारकांकडून ६० अब्ज क्रोनर नवें भांडवल मागावें लागलें. परंतु तेलाकडे परतण्याची वाट तिनें स्वतःच बंद केली असल्यामुळें तिला पुढेंच चालावें लागतें.

आपल्या किनाऱ्यावरहि हा प्रश्न उभा आहे. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत १९७४ सालीं ‘बॉम्बे हाय’चें तेल सांपडलें व १९७६ सालीं तें वाहूं लागलें. त्या क्षेत्राचा भर आतां ओसरला आहे. तें चालविणाऱ्या ओ. एन. जी. सी. या सरकारी कंपनीनें २०३० पर्यंत १० गिगावॅट अक्षय शक्ति उभारण्याचा संकल्प केला असून, २०२५ सालीं एन. टी. पी. सी. ग्रीन हिच्या भागीदारींत अयाना ही तयार कंपनी विकत घेतली. हा संकल्प तेलाच्या चढत्या भावांतहि टिकतो काय, हें आजच्या विद्यार्थ्यांस आपल्या डोळ्यांनीं पाहावयास मिळेल.

एक आक्षेप

येथें कोणी म्हणेल, “तेलवाल्यांनींच वाऱ्याचा धंदा करावा असा आग्रह कां? त्यांनीं तेल विकून आलेला पैसा मालकांस द्यावा. ज्यास पवनचक्की उभारावयाची तो उभारील.” या म्हणण्यांत बरेंच तथ्य आहे. सौर पॅनेलें स्वस्त झालीं तीं मुख्यतः इतरांच्या उद्योगानें. जगांत स्वच्छ शक्तीवर होणाऱ्या खर्चांत तेल व वायूच्या उद्योगाचा वांटा शेंकडा १ च्या आसपासच आहे. २०२२ सालीं त्या उद्योगानें आपल्या भांडवली खर्चांपैकीं शेंकडा अडीच एवढाच भाग तिकडे लावला. तेलाची मागणीहि अजून दिवसास सुमारें दहा कोटी पिंपांची आहे, आणि ती कंपन्यांइतकीच आपल्या मोटारींची, विमानांची व कारखान्यांचीहि आहे.

तरी या आक्षेपानें दिलेल्या वचनाचा प्रश्न मिटत नाहीं. तेलवाला सरळ म्हणेल कीं, “मी तेलच विकणार,” तर सरकारें व लोक त्याप्रमाणें आपली तजवीज करतील. परंतु त्यानें सूर्याचें चिन्ह लावून दहा वर्षें आशा दाखविली आणि मग पाठ फिरविली, तर जीं वर्षें गेलीं तीं परत येत नाहींत. हवेंत साठलेला कार्बन डायॉक्साइड शेंकडों वर्षें राहतो. तो कंपनीच्या ताळेबंदाप्रमाणें दर मार्चअखेर मिटविला जात नाहीं.

तात्पर्य

एवढ्या विवेचनावरून आम्हांस असें दिसतें कीं, तेल कंपन्यांचा संकल्प ढळतो तो ज्ञानाच्या अभावीं नव्हे, आणि सर्वस्वीं लबाडीनेंहि नव्हे. त्यांची मिळकत, त्यांचे मालक व त्यांचें कसब हीं सारीं तेलाच्या मापानें घडलेलीं आहेत, आणि तेल महाग झालें कीं तें माप पुन्हां वर येतें. म्हणून अशा कोणत्याहि संकल्पाचें वजन करितांना विद्यार्थ्यांनीं तीन प्रश्न विचारावे. संकल्पाप्रमाणें दरवर्षीं पैसा खरोखर कोठें खर्च होत आहे? जुन्या धंद्यास तेजी आली तरी हा संकल्प टिकण्याजोगी कांहीं तजवीज, म्हणजे बांधलेला दर, कायदा किंवा मोडलेला पूल, मागें ठेविली आहे काय? आणि मालक कोण असून त्यांस काय हवें आहे?

पालकांसहि एक विनंति आहे. आपली बचत ज्या निधींत जाते तो निधि कोणत्या कंपन्यांचे भाग घेतो, हें चौकशी करून पाहावें. कारण मालकाची अपेक्षा म्हणून जें वर सांगितलें त्यांत कदाचित् आपलाहि एक लहानसा वांटा असेल. वर्तमानपत्रांत एखाद्या कंपनीची नवी प्रतिज्ञा छापून आली म्हणजे घरांत मुलांबरोबर ती वाचावी, वरील तीन प्रश्न तिला लावावे, आणि उत्तरें तारखेसह एका वहींत टिपून ठेवावीं. पांच वर्षांनीं ती वही उघडली म्हणजे कोणत्या शब्दांत बळ होतें तें मुलांस कोणीं सांगावें लागणार नाहीं.